देवडी

आमच्या यार्डाला दोन गेटं आहेत
आणि नियम एकच :
दोन्ही एका वेळी उघडी नसतात.

बाहेरचं सरकतं, कॅशची गाडी आत येते.
बाहेरचं लागतं. खट्ट.
मग मी काठीचा आरसा गाडीच्या पोटाखालून फिरवतो,
ड्रायव्हरचा चेहरा कार्डावरच्या चेहऱ्याशी जुळवतो
(कार्डावरचा नेहमी जास्त तरुण, जास्त घाबरलेला)
आणि वर बघून कॅमेऱ्याला अंगठा दाखवतो.
आतलं उघडतं.
पैसे मी कधी पाहिले नाहीत.
अकरा वर्षांत गाड्यांची पोटं तेवढी पाहिली :
चिखल, ऑइल, एकदा मांजराचं पिल्लू.

शिवडीचा किल्ला इथून चालत वीस मिनिटं.
रेवतीला शाळेचा प्रकल्प होता, म्हणून रविवारी गेलो.
दगडी दरवाजातून आत शिरलं की समोर भिंत.
दुसरा दरवाजा काटकोनात, बाजूला.
"असा वाकडा का बांधला?"
धावत येणाऱ्याला वळावं लागतं, मी म्हटलं.
वळणारा हळू होतो.
हळू झालेल्याचा चेहरा दिसतो.
"आणि मग?"
काही किल्ल्यांत वरून उकळतं तेल ओतायचे.
तिनं वहीत लिहिलं : तेल.
"कुठलं तेल?"
त्या साली जे स्वस्त असेल ते.
मग दरवाजाच्या आतल्या बाजूला पहारेकऱ्यांची बसायची जागा
कशी असायची ते सांगितलं, देवडी म्हणतात तिला.
तिनं तिथेच एका कोनाड्यात मांडी घालून पाहिली.
"तुमच्या केबिनपेक्षा मोठी आहे, बाबा."

परेरा रोज गाडी घेऊन फोर्टात जातो.
तिथे तट नाही.
चर्चगेटला गेट नाही, बझारगेटलाही नाही.
नावं तेवढी पाडायची राहिली.
तो म्हणतो, गेटं गेली कुठे?
बँकेत बघ. एकेक माणूस काचेच्या डब्यात शिरतो,
मागचं दार लागेपर्यंत पुढचं उघडत नाही,
आणि तेवढा वेळ
प्रत्येक जण चोरासारखा उभा राहतो.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
परेराची गाडी दोन गेटांच्या मधोमध.
आत परेरा, बंदूकवाला वाघचौरे, पेटीपाशी इद्रीस.
गाडीचं दार उघडायचं नाही, हाही नियम.
वर पत्रा, खाली पत्रा, इंजिन बंद.
वाघचौरेनं बंदुकीच्या भोकाला तोंड लावलं : पाणी.
बाटली जाईना.
मी पाण्याच्या पिशवीचा कोपरा दातानं फाडला
आणि त्या जंगीतून,
जिथून फक्त गोळी बाहेर यायची,
थोडं थोडं पाणी आत पिळलं.
अर्धं माझ्या बाहीत.

तेवढ्यात केबिनच्या खणात फोन थरथरला.
फोन माझ्याकडे जमा असतात.
स्क्रीनवर "अम्मी". सहा वेळा.
सातव्यांदा उचलला आणि भोकापाशी धरला.
सगळ्यांनी श्वास धरला.
कपाटाची चावी कुठे ठेवलीस, एवढंच विचारत होती.
इद्रीस ओरडला, म्हातारीला कमी ऐकू येतं :
"पिठाच्या डब्यामागे! मागे! पिठाच्या!"
आतल्या गेटाआडचे लोडरही हसले.

चाळीस मिनिटांनी गेट हललं.
रिपोर्टात मी लिहिलं : वीज खंडित, पाणी पुरवलं.
चावीचं लिहिलं नाही.
एवढ्या वर्षांत करोडो रुपये माझ्यासमोरून गेले,
पण कुणाच्या घरचं काही
माझ्या भरवशावर पहिल्यांदाच राहिलं.

रात्री घरी पोचलो.
दार बोटभर उघडलं, साखळी तशीच.
फटीत एक डोळा.
"कोण?"
मी.
"मी कोण? परवलीचा शब्द?"
तेल.
"कुठलं?"
पायातले बूट चावत होते. मी भिंतीला टेकलो.
स्वस्त असेल ते, म्हटलं.

तिनं आधी दार लावलं.
साखळी काढायला दार लावावंच लागतं.
तेवढा क्षण मी जिन्यात उभा होतो,
कुकरची शिट्टी ऐकत.